फुप्फुसातली वस्ती आणि पनवेलचा धूर

दिवाळी सरून थंडी पडू लागली की पनवेल, कळंबोली, तळोजा भागातल्या दवाखान्यांबाहेर खोकणाऱ्यांची रांग लागते. कुणाला जिना चढताना धाप लागते, कुणाची छाती रात्रभर घरघरते, कुणाला सकाळी उठल्यावर अर्धा तास कफ काढल्याशिवाय चहा घेववत नाही. इलाज ठरलेला असतो. एक सुई, पाच दिवसांच्या गोळ्या, खोकल्याच्या औषधाची एक बाटली. आठ-पंधरा दिवस बरे जातात, मग पुन्हा ये रे माझ्या मागल्या. घरच्यांना विचारले तर म्हणतात, "बाबांना जुना दमा आहे," नाहीतर "आईची छातीच नाजूक."

यातल्या पुष्कळांना दमा नसतोच. दम्यात श्वासनळ्या आवळतात, पण औषधाने बहुधा पुन्हा मोकळ्या होतात. दुसऱ्या एका आजारात त्या कायमच्या अरुंद होतात आणि फुप्फुसातल्या हवेच्या बारीक पिशव्या हळूहळू नष्ट होत जातात. डॉक्टर या आजाराला 'सीओपीडी' म्हणतात. नाव अवघड आहे, पण आजार घरोघरी आहे. १९९० साली भारतात या आजाराचे २ कोटी ८१ लाख रुग्ण होते, २०१६ साली ते ५ कोटी ५३ लाख झाले, असा अंदाज २०१८ मध्ये 'लॅन्सेट'च्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. जगाच्या लोकसंख्येत तेव्हा आपला वाटा होता १८ टक्के. पण छातीच्या जुनाट आजारांमुळे जगात जेवढे निरोगी आयुष्य वाया जात होते, त्यातले ३२ टक्के एकट्या भारतातले होते.

"आमच्या घरात कुणी बिडीला शिवत नाही, मग हा आजार आला कुठून?" असे अनेक भगिनी विचारतात. प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर आपल्या पुण्यातूनच जगापुढे गेले. पुण्याचे छातीविकारतज्ज्ञ डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे डॉ. पीटर बार्न्स यांनी २००९ साली 'लॅन्सेट'मध्ये दाखवून दिले की, सीओपीडीच्या रुग्णांत पंचवीस ते पंचेचाळीस टक्के लोकांनी आयुष्यात कधी धूम्रपान केलेले नसते. जगात तंबाखू ओढणारे सुमारे १०१ कोटी. लाकूड, गोवऱ्या, काटक्या यांचा धूर छातीत घेणारे मात्र सुमारे ३०० कोटी! तोवर पुस्तके बिडी-सिगारेटवरच बोट ठेवीत होती. चुलीपुढे बसलेली बाई त्या पुस्तकांना दिसतच नव्हती.

पनवेलकरांना तर चुलीखेरीज आणखी कितीतरी धूर-धूळ आहे. एका अंगाला तळोज्याची औद्योगिक वसाहत, दुसऱ्या अंगाला महामार्ग, मध्ये कळंबोलीचा लोखंड बाजार आणि त्यासाठी येणाऱ्या ट्रकांच्या रांगा. डोंगराच्या कडेने दगडखाणी आणि खडी फोडणारे क्रशर. २०२१ च्या जानेवारीत 'वातावरण' या संस्थेने खारघरमध्ये हवा गाळणाऱ्या पांढऱ्या कापडाची मोठी कृत्रिम फुप्फुसे फलकावर लावली होती, ती अनेकांनी पाहिली असतील. साधारण दहा दिवसांत ती काळी पडली. त्या वेळी तिथून जाणारा जो तो थांबून फोटो काढीत होता. त्याच हवेत रोज आठ-दहा तास काम करणाऱ्या हमालाच्या छातीचा फोटो मात्र कुणी काढला नाही.

फुप्फुस काळे पडते हे समजायला सोपे आहे. पण धूर बंद झाल्यावरही खोकला का थांबत नाही? बिडी सोडून दहा वर्षे झालेल्या माणसाची छाती दर हिवाळ्यात का भरते? आणि गोळ्यांनी बरे वाटून पुन्हा पहिल्यासारखे का होते? या प्रश्नांचा माग काढताना शास्त्रज्ञ गेल्या पंधरा-सोळा वर्षांत एका नव्याच वाटेला लागले आहेत. ती वाट फुप्फुसात राहणाऱ्या जंतूंच्या वस्तीकडे जाते.

पाहुणे आणि बिऱ्हाडकरू

निरोगी माणसाच्या फुप्फुसात जंतू नसतात, असे वैद्यकाची पुस्तके अनेक वर्षे शिकवीत आली. त्याचे कारण तपासणीच्या पद्धतीत होते. कफ घ्यायचा, काचेच्या थाळीत खाद्य घालून त्यावर पसरायचा आणि काय उगवते ते पाहायचे. पण कितीतरी जंतू असे आहेत की ते थाळीत उगवतच नाहीत. उगवले नाहीत म्हणजे नाहीत, असे धरले गेले. माणसाच्या अंगावरच्या व अंगातल्या जंतूंची मोजदाद करण्याचा मोठा प्रकल्प अमेरिकेने २००७ साली हाती घेतला. त्यात तोंड होते, नाक होते, कातडी होती, आतडी होती. फुप्फुस मात्र सुरुवातीच्या यादीत नव्हते.

पुढे जंतू न उगवता त्यांची जनुकीय लिपी थेट वाचण्याची पद्धत हाती आली. प्रत्येक जातीच्या जंतूच्या पेशीत ओळखपत्रासारखा एक जनुक असतो. कफातले असे सगळे जनुक वाचले की कोण-कोण हजर आहे त्याची हजेरीच निघते. २०१० साली लंडनच्या संशोधकांनी या रीतीने दमा आणि सीओपीडीचे रुग्ण व निरोगी माणसे यांच्या श्वासनळ्या तपासल्या. निरोगी माणसांतही जंतू सापडले, आणि रुग्णांतली वस्ती त्यांच्याहून वेगळी निघाली. अशा सबंध वस्तीला इंग्रजीत 'मायक्रोबायोम' म्हणतात. आपण जंतूंची वस्ती म्हणू. वस्ती म्हणजे काय, हे आपल्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

निरोगी फुप्फुसात हे जंतू बहुतेक तोंडातून येतात. झोपेत लाळेचा सूक्ष्म अंश प्रत्येकाच्याच छातीत उतरतो, त्याबरोबर तेही उतरतात. पण श्वासनळीला आतून बारीक केसांची झालर असते. ती झालर शेतातल्या पिकासारखी हलत राहते आणि कफ, धूळ, जंतू सगळे वर लोटते. उरलेले खोकल्याने निघतात, काहींना रक्तातल्या पांढऱ्या पेशी खाऊन टाकतात. म्हणजे जंतू येतात आणि जातात. ते पाहुणे असतात, बिऱ्हाड करून राहात नाहीत.

धुराने पहिला घाव बसतो तो या झालरीवर. केस आखडतात, झडतात. कफ जास्त तयार होतो आणि तो वर लोटणारे कुणी उरत नाही. साचलेल्या कफात मग काही जंतू कायमचे बिऱ्हाड करतात. हिमोफिलस, मोराक्सेला, आजार फार वाढला की स्युडोमोनास, अशी त्यांची नावे आहेत. नावे लक्षात राहिली नाहीत तरी चालेल. त्यांची वागणूक लक्षात ठेवावी. नाना प्रकारचे भाडेकरू असलेल्या चाळीत एकमेकांचा एकमेकांवर वचक असतो. एखाद्या गुंडाने चार खोल्या बळकावल्या की बाकीचे गप्प होतात. तसेच इथे घडते. त्या जंतूंना हुसकायला शरीर पांढऱ्या पेशींची फौज पाठवते. फौजेच्या माऱ्यात जंतू थोडे मरतात आणि श्वासनळीची भिंतच जास्त पडते. पडक्या भिंतीत आणखी कफ साचतो, आणखी जंतू ठाण मांडतात. बिडी सुटून वर्षे लोटली तरी खोकला सुटत नाही, त्याचे एक कारण हे दुष्टचक्र. ज्या रुग्णांच्या कफातली जंतूंची विविधता घटलेली असते, त्यांच्यात मृत्यूचे प्रमाण अधिक दिसते, असेही अलीकडच्या अभ्यासांत आढळले आहे.

थुंकीचे मोल

या संशोधनाचा कच्चा माल म्हणजे थुंकी, बेडका. प्रयोगशाळेत तो बाटलीत घालून, लेबल लावून, उणे ऐंशी अंशांच्या थंडीत जपून ठेवतात. हे वाचताना आपल्या समाजाच्या माणसाला काही आठवल्याशिवाय राहणार नाही. पेशवाईत पुण्यात आपल्या पूर्वजांना गळ्यात मडके बांधून फिरावे लागे, का तर त्यांची थुंकी जमिनीवर पडून कुणी बाटू नये म्हणून. बाबासाहेबांनी 'जातिप्रथेचे निर्मूलन' या १९३६ च्या भाषणात हे जगापुढे मांडले. पेशवाई गेली आणि मुंबईत गिरण्या आल्या, तरी थुंकीचा विटाळ गेला नाही. विणकाम खात्यात धोट्याचा धागा तुटला की तो तोंडाने ओढून घ्यावा लागे. अस्पृश्याच्या ओठाला लागलेला धोटा इतरांनी कसा तोंडाला लावायचा, म्हणून चांगल्या पगाराचे ते खातेच आपल्या लोकांना बंद होते. १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न धसाला लावला.

आज लिपी वाचणाऱ्या यंत्रात घातलेल्या बेडक्यात जात कुठेच सापडत नाही. काय सापडते? चुलीपाशी किती वर्षे गेली, खाणीत किती, बिडी किती, गोळ्या किती खाल्ल्या, याच्या खुणा त्या वस्तीवर उमटतात. आफ्रिकेतल्या मालावी देशात चुलीचा धूर घेणाऱ्या आणि न घेणाऱ्या धडधाकट माणसांची फुप्फुसे तपासली तेव्हा, आजार नसतानाही, दोघांच्या जंतूंच्या वस्तीत फरक आढळला. तो अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला.

तरीही आपल्या घरांत बेडका तपासायला देण्याची लाज वाटते. क्षयाचे नाव निघेल आणि मुलीचे लग्न अडेल, म्हणून आई खोकला पदरात दाबून ठेवते. दोन आठवड्यांवर खोकला गेला तर क्षयाची तपासणी झालीच पाहिजे. सरकारी रुग्णालयात ती फुकट होते. क्षय होऊन बरा झालेल्या माणसाचे फुप्फुसही पुढे अधू राहू शकते आणि त्याला सीओपीडीसारखीच धाप लागते, हेही ध्यानात ठेवावे.

गोळ्यांचा मारा

"जंतू आहेत ना, मग मारा की गोळ्यांनी!" असे कुणीही म्हणेल. मेडिकलवाला तर तेच करतो. चिठ्ठी नसली तरी तीन गोळ्यांची पट्टी हातात ठेवतो. त्या बहुधा अझिथ्रोमायसिनच्या असतात. याच औषधाचा एक मोठा प्रयोग अमेरिकेत झाला, तो २०११ साली प्रसिद्ध झाला. सीओपीडीच्या १,१४२ रुग्णांपैकी निम्म्यांना वर्षभर रोज ही गोळी दिली, निम्म्यांना औषध नसलेली तशीच गोळी. औषध घेणाऱ्यांची छाती पुन्हा भरायला मधल्या हिशोबाने २६६ दिवस लागले, इतरांची १७४ दिवसांत भरली. म्हणजे फायदा झाला. पण औषध घेणाऱ्यांत कानाने कमी ऐकू येण्याचे प्रमाण वाढले आणि औषधाला न जुमानणारे जंतूही वाढले. म्हणून ही गोळी निवडक रुग्णांनाच, हृदयाचा आलेख आणि कान तपासून, तज्ज्ञाच्या देखरेखीखाली देतात.

त्यातली गंमत पुढे कळली. २०१७ च्या एका लहान अभ्यासात असे दिसले की, आठ आठवडे हे औषध घेऊनही फुप्फुसातल्या जंतूंची एकूण संख्या घटली नव्हती. उरलेल्या जंतूंचे वागणे बदलले होते आणि सूज कमी करणारे काही पदार्थ वाढले होते. म्हणजे जंतू मारणे एवढाच या औषधाचा गुण नाही. तीन गोळ्या खाऊन 'कोर्स' संपवणाऱ्याला यातले काही मिळत नाही; त्याच्या छातीतले गरीब जंतू तेवढे मरतात आणि गुंड शिरजोर होतात. दुसऱ्या काही जंतुनाशक गोळ्या, ज्यांची नावे 'फ्लॉक्सासिन'ने संपतात, त्या अंदाजाने खाल्ल्या तर क्षय काही दिवस दबतो आणि निदान लांबते. वर ती सुई. ती बरेचदा स्टेरॉइडची असते. तिने चटकन मोकळे वाटते म्हणून माणूस तिच्यासाठी हटून बसतो. वारंवार घेतल्यास साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात, अंगाची प्रतिकारशक्ती खचते.

श्वासातून घ्यायच्या पंपाची गोष्ट वेगळी. "पंपाची सवय लागते" हा आपल्या वस्त्यांत पसरलेला सर्वांत खोटा समज आहे. पंपातले औषध थेट छातीत जाते, म्हणून अगदी थोडे पुरते. काही पंपांत स्टेरॉइडचा अंश असतो आणि सीओपीडीच्या रुग्णांत त्याने न्यूमोनियाचा धोका काहीसा वाढतो, म्हणून कुणाला तो द्यावा हे डॉक्टर रक्ताच्या तपासणीवरून ठरवू लागले आहेत. पण हे ऐकून कुणी आपला पंप परस्पर बंद करू नये. पंप घेतल्यावर खळखळून चूळ भरावी. तोंडातलेच जंतू छातीत उतरतात हे वर सांगितलेच आहे, तेव्हा दात-हिरड्यांची निगा ही छातीचीही निगा आहे. मिसरी लावणाऱ्या भगिनींनी तर याचा जरूर विचार करावा. तव्यावर तंबाखू जाळताना घरभर होणारा धूर आधी घेतला जातो, मग ती तोंडात जाते.

आधी बीज की आधी झाड?

जंतूंची वस्ती बिघडली म्हणून फुप्फुस बिघडले, की फुप्फुस बिघडले म्हणून वस्ती बिघडली? याचा निवाडा अजून व्हायचा आहे. माझे मत विचाराल तर सामान्य माणसाने या वादात एक सावधगिरी बाळगावी. जंतूंवर बोट ठेवले की धूर करणारा नामानिराळा होतो. उद्या कुणी म्हणेल, तुमच्या छातीतले जंतूच वाईट, त्याला कारखान्याची चिमणी काय करणार? २०१६ साली भारतात सीओपीडीने जे आयुष्य वाया गेले, त्यातला ५३.७ टक्के भार हवेच्या प्रदूषणाचा होता, तंबाखूचा २५.४ टक्के आणि कामाच्या जागच्या धुळीधुराचा १६.५ टक्के. जंतूंचा शोध मोलाचा आहे, पण त्याने हा हिशोब पुसला जात नाही.

दुसरी सावधगिरी बाजाराची. 'चांगले जंतू' डबीत भरून विकणारे आताच दारात उभे आहेत. आतडी आणि फुप्फुस यांचा संबंध आहे, हे खरे. २०१४ साली उंदरांवर झालेल्या एका प्रयोगात चोथ्याचे अन्न खाणाऱ्या उंदरांच्या आतड्यांतले जंतू असे पदार्थ बनवीत होते की, त्यांच्या श्वासनळ्यांची ॲलर्जीची सूज कमी राहिली. पण उंदीर तो उंदीर. माणसाची सीओपीडी बरी करणारी जंतूंची पावडर आजतरी कुठल्याही दुकानात नाही. आपली भाकरी, उसळ, पालेभाजी यांत चोथा भरपूर असतो. पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रात डॉ. योगेश शौचे यांनी भारतीयांच्या आतड्यांतल्या जंतूंवर काम केले, त्यात पाश्चात्त्यांपेक्षा आपली वस्ती वेगळी दिसली. प्रीव्होटेला नावाचा, धान्य-भाजीच्या आहाराशी नाते असलेला जंतू आपल्यात पुष्कळ. तेव्हा पावडरीचे पैसे वाचवून गॅसच्या टाकीला लावले तर ते जास्त सत्कारणी लागतील.

गॅस बहुतेक घरांत आला आहे. २०१६ पासून उज्ज्वला योजनेतूनही पुष्कळांना शेगडी मिळाली. पण टाकी परवडत नाही म्हणून अंघोळीचे पाणी अजून बंबावर किंवा तीन दगडांवर तापते, आणि जळणात गोदामातल्या खोक्यांच्या फळ्या, रंगवलेले लाकूड, प्लास्टिक काय वाट्टेल ते जाते. हे जळण निदान घराबाहेर, उघड्यावर असावे आणि प्लास्टिक तर मुळीच जाळू नये. डासांची कासवछाप कॉइल बंद खोलीत लावून झोपणे हाही तसाच प्रकार. एका कॉइलमधून ७५ ते १३७ सिगारेटींइतके सूक्ष्म कण निघतात, असे २००३ च्या अभ्यासात मोजले गेले. मच्छरदाणी केव्हाही बरी. आणि थोडे स्पष्ट बोलायचे तर, आपल्या विहारांतही वंदनेच्या वेळी दारे-खिडक्या लावून अगरबत्तीचा पुडाच्या पुडा पेटवला जातो. पुढच्या रांगेत म्हातारी माणसे आणि लहान मुले बसलेली असतात. एक काडी पुरे, आणि खिडकी उघडी असावी.

"माझे भोगच आहेत, दुसरे काय," असे आजारी माणूस म्हणतो. सीवक नावाच्या परिव्राजकाने भगवान बुद्धांना हेच विचारले होते, की जे काही दुःख होते ते सारे पूर्वकर्माने होते काय? बुद्धांनी ते मानले नाही. पित्त, कफ, वात, ऋतुबदल, निष्काळजी वागणूक अशी कितीतरी कारणे त्यांनी दाखवली. काही साधक आनापान सुरू केल्यावर पंप सोडून देतात, तेही बरोबर नाही. श्वासाकडे लक्ष देण्याने घाबरेपणा शमतो, धाप लागली असता ओठांचा चंबू करून सावकाश श्वास सोडल्याने आरामही पडतो. पण अरुंद झालेली नळी त्याने रुंद होत नाही.

आता दवाखान्यात काय सांगायचे व मागायचे ते. चाळिशीनंतर धाप, कफ, खोकला महिनोनमहिने टिकत असेल तर 'स्पायरोमेट्री' म्हणजे जोराने फुंकायची तपासणी करून घ्यावी. छातीच्या साध्या फोटोत सुरुवातीची सीओपीडी कळत नाही. दम्याचा की सीओपीडीचा, हा निवाडा या तपासणीवाचून होत नाही. सीओपीडी निघाल्यास फ्लू आणि न्यूमोनियाच्या लसीबद्दल विचारावे.

आणि आपले काम सांगावे. डॉक्टर विचारतात, "बिडी ओढता का?" "काम काय करता?" हे फार थोडे विचारतात. न विचारता सांगावे: क्रशरवर सहा वर्षे होतो, वेल्डिंग केले, वीटभट्टीवर बाईसकट होतो, लग्नापासून चुलीवर रांधते आहे. आणि ते केसपेपरवर लिहून घ्यायला लावावे. १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब मजूरमंत्री असताना कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखण्याचे काम १९४३ साली प्रा. अदारकर यांच्याकडे सोपवले गेले. १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा त्यातूनच पुढे आला. दगडाच्या धुळीने होणारा सिलिकोसिस, कापसाच्या तंतूंनी होणारा छातीचा आजार, कामामुळे जडणारा दमा हे त्या कायद्याच्या व्यवसायजन्य आजारांच्या यादीत बसले. पण केसपेपरवर नुसते 'जुना खोकला' एवढेच लिहिलेले असेल तर नुकसानभरपाई मागताना हातात पुरावा राहात नाही. ठेकेदाराकडे काम करणाऱ्याने हजेरीची पावती, पगाराची चिठ्ठी, गेटपास यांच्या झेरॉक्स याच केसपेपरसोबत एका पिशवीत ठेवाव्यात.